एकाच कढईचे दोन बर्गर

माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी माळकरी माणूस पाणी पीत नसे. तिच्या गावात माळकरी पुष्कळ. लोक ओसरीवर बसत, बोलत, हसत, आणि पाण्याचा गडवा पुढं आला की "आताच पिऊन निघालो" म्हणून उठत. याला कारण तिचा नवरा नव्हता की तिची सासू नव्हती. कारण मी होतो. तिला हे ठाऊक नव्हतं. ज्यांनी माझं बोलणं कानांनी ऐकलं होतं, ते कधीच विसरून गेले. मी विसरलो नाही, आणि वर्षानुवर्षं बोललोही नाही. आता सांगतो. मधला थोडा भाग सोडला तर गोष्ट हसण्यासारखीच आहे.

आमचं गाव सावली तालुक्याच्या बाजूचं, तलावाच्या वरच्या अंगाला. बहिणीचं गाव खालच्या अंगाला. मधे तलावाची लांब पार, म्हणजे मातीचा बांध. आम्ही मासोळी धरणारे, ते धान पिकवणारे. तलाव एकच असल्यामुळं आम्हाला पाणी राहायला पाहिजे आणि त्यांना सोडायला पाहिजे, एवढंच दोन गावांचं नातं. पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडं तुडुम म्हणतात. एका वर्षी धान गर्भात असताना कुणीतरी तुडुम वेळेआधी उघडलं. पाणी गेलं ते गेलं, पाण्यासोबत आमची मासोळीही गेली आणि त्यांच्या धानाच्या बांध्यांत जाऊन नाचू लागली. त्यांच्यातले जे खाणारे होते त्यांनी टोपल्यांनी धरली आणि भाजून खाल्ली.

पाणी कुणाचं यावर वाद होऊ शकतो. मासोळी कुणाची यावर आमच्या गावाला वाद मान्य नव्हता. बैठक बसली आणि ठरलं, त्या गावाशी जाणंयेणं बंद. खालच्या गावानंही लगेच तेच ठरवलं, म्हणजे कमीपणा नको.

याचा खरा मार बसला तो मंडईला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री नाटक असतं. प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरतं, कारण आज आमच्याकडं पाव्हणे म्हणून आलेले उद्या आमचे यजमान. लेकीबाळी तर मंडईसाठीच माहेरी येतात. भांडणाच्या वर्षी आम्ही आमचा दिवस जाहीर केला आणि खालच्या गावानं मुद्दाम तोच दिवस धरला. माझी बहीण पारीच्या पलीकडं राहत होती. तिच्या चुलीचा धूर आमच्या अंगणातून दिसायचा, पण ती आली नाही.

मी त्या दिवसांत बसथांब्यावर चहाचं दुकान चालवत होतो. त्याआधी काही काळ बल्लारपूरहून कागद घेऊन जाणाऱ्या ट्रकवर होतो, आणि त्या ट्रकनं मला एकदा दिल्ली दाखवली. तिथं ते दुकान पाहिलं, काचेचं, वर पिवळ्या दोन कमानी. माणसं आत जाऊन बर्गर खाऊन राहिली होती. मीही गेलो असतो, पण दारावरच्या माणसानं मला सलाम ठोकला. आयुष्यात मला कुणी सलाम ठोकला नव्हता. काय करायचं असतं ते कळेना, म्हणून मीही त्याला सलाम केला आणि परत फिरलो. खरा बर्गर मी आजपर्यंत खाल्लेला नाही.

पण पाहिला होता, ते पुरे होतं. गावी येऊन मी बल्लारपूरच्या बेकरीतून गोल पाव आणायला लागलो. पावात बरबटीचा, म्हणजे चवळीचा, वडा, वर टमाटर, काकडीची चकती, लाल चटणी. नाव बर्गर. चालला.

त्याच सुमारास आमच्या शाळेचे गुरुजी दुकानावर पेपर वाचत बसले असताना मधेच हसले.

"आयक रे," ते म्हणाले, "तू दिल्लीले जे दुकान पाह्यलं ना, त्याच्यावर कोण्या परदेशी पत्रकारानं शोध लावला. म्हणते, ज्या दोन देशांत ते दुकान आहे ते देश एकमेकांशी लढत नाहीत."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? धंदा होते, पोट भरते, लेकरं हट्ट करतात. बर्गर सोडून लढाले कोण जाईन?"

गुरुजींना ती गंमत वाटली. मला वाटली नाही. मी रात्रंदिवस त्याच दुकानाचा विचार करणारा माणूस. मला वाटलं, हे कुणी मोठ्या माणसानं ताळा करून सांगितलेलं आहे आणि आपल्या गावासाठीच सांगितलेलं आहे.

पार ही कोणत्याच गावाची नव्हती, त्यामुळं तिच्यावर भेटायला बंदी नव्हती. बाई धुणं घेऊन पारीवर यायची. (मोठ्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो.) मी तिला गुरुजींचा शोध सांगितला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. लुगडं आपटायचं थांबवलं. "म्हंजे दोन्ही गावात एकच दुकान लागलं का भांडण मिटते?"

"असं लिवलं हाये पेपरात."

"मंग बोर्ड नेऊन दे माह्या घरी. तुहा भाऊजी मंडईत दुकान मांडन. मले आईकडं याचं हाये, बाबू. बोर्डानं होत असन तं बोर्डानं होऊ दे."

अडचण एकच होती. भाऊजी माळकरी. बाई आमच्या मासोळीच्या घरातली, पण लग्न झालं त्या दिवशी तिनं मासोळी सोडली ती सोडली. माहेरी आली की आई तिच्यासाठी वेगळी चूल मांडायची. म्हणून बर्गरसाठी मी नवी कढई आणली. आईनं ती राखेनं घासली, देवापुढं ठेवली आणि घरातल्या सगळ्यांना दम दिला, "हिच्यात मासोळीचा वास जरी गेला तं याद राखा." त्या कढईत मासोळी कधी गेली नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

दोन बोर्ड रंगवून घ्यायचे होते. आमच्याकडं रंगवणारा म्हणजे नाटकांचे पडदे रंगवणारा. मी त्याला खुणेनं दाखवलं, अशी कमान, मग अशी कमान, पिवळी. त्यानं मान हलवली आणि राजमहालाच्या पडद्यावर असते तशी कमान काढली, नक्षीची, झुंबरासह. दोन्ही कमानींवर एकेक मोर बसवला.

"मोर काऊन?" मी विचारलं.

"कमान रिकामी ठेवाची नसते," तो म्हणाला. वाद संपला.

पुढच्या वर्षीची मंडईही दोन्ही गावांनी एकाच दिवशी धरली. त्या दिवशी पहाटे आमच्या घरी वडे तळले. अर्धे मी ठेवले, अर्धे पावांसकट देगचीत घालून पारीवर भाऊजींच्या हाती दिले. त्यांच्याकडं कढईच नव्हती, पाव गरम करायला नुसता तवा होता. माल वरच्या गावातून येतो हे त्यांनी कुणाला सांगायचं नाही, आणि मीही सांगायचं नाही, अशी बोली झाली. भाऊजींनी तुळशीच्या माळेला हात लावून शब्द दिला. तसा माणूस साधा. शब्द दिला की दिला.

दुपारपर्यंत शोध खरा ठरत होता. दोन्हीकडं मोर, दोन्हीकडं गर्दी. मग आमच्याकडची गर्दी पातळ झाली. पाव्हणे पारीवरून खाली जाऊन राहिले होते. त्यांच्याकडं मोठा पाळणा आला होता, आणि पाळण्याच्या बुडाशीच भाऊजींचं दुकान. मी माझ्या वड्यांकडं पाहत बसलो. तिकडं जे विकलं जात होतं तेही माझेच वडे, त्याचा अर्धा नफाही माझाच. तरी मला कसं तरी होऊ लागलं. याचा काही हिशेब लागत नाही. आपलाच माल दुसऱ्याच्या हातून जास्त खपला, तर आपल्याला आनंद व्हायला पाहिजे.

तेवढ्यात दोन पाव्हणे आले. एक म्हणाला, "तिकडंही हेच भेटते म्हणे? तिकडचं बरं लागते म्हणतात बावा."

आणि मी बोललो. "खाजा खुशाल. पण तेल पाहून खाजा. तिकडं मासोळीच्या तेलात तळतात."

एवढंच वाक्य. मी ते हसून म्हणालो. पाव्हणे माझ्याकडचे बर्गर घेऊन गेले आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

ते वाक्य पारीपर्यंत गेलं तेव्हा "आपल्याच पळवलेल्या मासोळीच्या तेलात तळतात" असं झालं, आणि आमचे लोक खवळले. पार उतरून खाली गेलं तेव्हा "माळकऱ्याच्या तोंडात मासोळी घातली" असं झालं, आणि त्यांचे लोक खवळले. एका वाक्यानं दोन्ही गावं एकाच वेळी पेटतात हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यातून कार्तिक महिना. ज्यांनी बर्गर खाल्ला होता असे माळकरी नळावर चुळा भरून राहिले. त्यांच्यातला सगळ्यात मोठा म्हातारा, ज्याला सगळे बुवा म्हणत, तो तर तलावातच उतरला.

लोक भाऊजींच्या दुकानावर गेले. "कढई कुठी हाये? दाखव कढई!"

कढई नव्हतीच. आणि "नाई तं तळते कुठी?" याला भाऊजींकडं उत्तर होतं, पण ते द्यायचं नाही असा शब्द दिलेला होता. ते गप्प उभे राहिले. गप्प माणूस गुन्हेगारच दिसतो. फेकायला कढई सापडेना, म्हणून लोकांनी मोरांचा बोर्ड तलावात फेकला आणि त्यामागं सगळे पाव फेकले. आमचे लोक तोवर पारीवर काठ्या घेऊन आलेच होते, पण पाव पाण्यावर तरंगताना पाहून थबकले. मासोळ्या वर आल्या. पाण्याला जणू उकळी फुटली. दोन्ही गावं काठ्या हातात धरून ते बघत राहिली. आमच्यातला कुणी तरी म्हणाला, "काय चोपून राह्यल्या बे!" आणि दोन्हीकडून हसू फुटलं. मारामारी झाली नाही ती मासोळ्यांमुळं.

पण बाईच्या दारात जी रेघ पडली ती पडली. "माहेरची सवय गेली नाई," असं बायका तिला नळावर ऐकवू लागल्या. माळकरी पाणी पिईनासे झाले. भाऊजींना भजनात बसू देत, पंगतीत नाही. पारीवर भेटली तेव्हा ती मला म्हणाली, "कोण बोललं असन रे असं? जीभ झडो त्याची." मी म्हणालो, "हो ना."

पुढच्या उन्हाळ्यात कारगिल झालं. आमच्या भागातली पोरंही फौजेत होती, सगळं गाव रेडिओभोवती. गुरुजी दुकानावर आले, चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्या शोधाचं काही खरं नाई रे. त्या देशातही ते दुकान लागलं होतं, आन् आपल्याकडंही होतं."

अशा वेळी असं वाटायला नको, पण माझ्या मनावरचं थोडं ओझं उतरलं. एवढ्या मोठ्या काचेच्या दुकानाला जे जमलं नाही ते माझ्या मोरांना कुठून जमणार? मग रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, की बोर्डाचं काय झालं हा प्रश्न वेगळा आणि तू काय बोललास हा वेगळा.

गावांचं भांडण मिटलं ते दुसऱ्याच कारणानं. त्या वर्षीही दोन्ही मंडया एकाच दिवशी लागल्या. आसपासच्या गावांतल्या पाव्हण्यांच्या सोयरिकी दोन्हीकडं. वरच्याकडं गेलं तर खालचे रुसतात, खालच्याकडं गेलं तर वरचे. लोक कंटाळून तिसऱ्याच गावाला गेले. आमचं नाटक आम्हीच पाहिलं. नट आमच्याच गावचे, बघणारेही आमचेच, कोण कुठं चुकणार हेही सगळ्यांना ठाऊक. पाव्हण्याशिवाय मंडई म्हणजे आरशापुढं बसून जेवण. महिन्याभरात दोन्ही गावचे म्हातारे पारीवर येऊन बसले आणि दिवस वेगळे केले. तुडुमाचं तेव्हाच ठरलं, उघडायच्या आधी जाळी लावायची. इतकी सोपी गोष्ट, पण ती सुचायला पाहुण्यांनी पाठ फिरवावी लागली. गुरुजींच्या पत्रकारानं हे पाहिलं असतं तर त्याला लिहायला काही तरी मिळालं असतं.

बाई मंडईला यायला लागली. आईच्या गळ्यात पडली. मला वाटलं, चला, मिटलं. तिच्या दारातलं मात्र मिटलं नव्हतं; भाऊजींनी मला दिलेला शब्द ना स्वतः मोडला, ना बाईला मोडू दिला. गावं समेट करतात. तोंडी पडलेली गोष्ट कुणाशी समेट करणार? वर्षं गेली. तिच्या मुली मोठ्या झाल्या, मोबाइल आले, माझ्या दुकानाला सिमेंटचा ओटा झाला, आणि तिच्या घरचा पाण्याचा गडवा भरलेलाच परत जात राहिला.

मग एका कार्तिकात ती दुकानावर आली. "मोठी देगची पायजे होती. तुहा भाऊजी काल्याची पंगत आपल्या घरी करतो म्हणते."

"बरं हाये की."

"काय बरं हाये? कोण येईन जेवाले? भजन म्हणतीन आन् उठून जातीन. या माणसाले समजतच नाई. म्हणते, एक डाव इचारून तं पाहू." देगची उचलताना तिनं पदरानं तोंड पुसलं. माझी बाई रडणाऱ्यातली नाही.

मी त्या दिवशी देगचीसोबत ती कढईही उचलली आणि तिच्या मागं गेलो.

भजन छान झालं. भाऊजींनी अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. काला वाटून झाला, आणि माणसं एकेक करून टाळ पिशवीत घालू लागली. बुवा सगळ्यात आधी उठले, आता बरेच वाकलेले. "आताच जेवून आलो," ते म्हणाले. दुपार अजून व्हायची होती. भाऊजी हात जोडून उभे, आणि बाई स्वयंपाकघराच्या दारात. तिनं नुसतं वरणाच्या गंजावर झाकण ठेवलं.

मी उभा राहिलो. मला चारचौघांत बोलता येत नाही. गावच्या बैठकीतही मी मागं बसतो. कढई हातात होती, ती छातीशी धरली.

"बुवा, थांबा जरा. त्या मंडईच्या दिवशी तेलाचं मी बोललो होतो. मीच. खोटं बोललो."

कुणाला काही कळेना. "कोणतं तेल?" बुवांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. पहाटेची देगची, भाऊजींचा शब्द, माझी जळफळ. वडे आमच्या घरी तळले, या कढईत, आणि हिच्यात मासोळी कधीही गेली नाही. भाऊजी गप्प राहिले ते मला दिलेल्या शब्दासाठी. बोलताना मी बाईकडं पाहिलं नाही.

बुवा काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडं पाहत होते.

"म्हंजे ते तेल साफ होतं?"

"साफ होतं, बुवा."

"आन् मी जो उपास धरला? प्राच्चित म्हणून? थंडीचा तलावात उतरलो, ताप चढला, म्हातारीनं काढे पाजले. थे सगळं फुकट गेलं?"

"हो, बुवा."

"माहे उपास वापस दे, बे!" बुवा ओरडले. इतके मनापासून ओरडले की मागच्या कोणाला तरी हसू आलं, मग दुसऱ्याला, मग सगळं अंगण हसू लागलं. बुवा मात्र हसले नाहीत. "हसता काय? चवीले बेस होता तो वडा. मी दुसरा घेणार होतो त्या दिवशी!"

ते पुन्हा पत्रावळीवर येऊन बसले, मांडी घातली, काठी बाजूला ठेवली. "आन गा पाणी," भाऊजींना म्हणाले. भाऊजींनी गडवा दिला. बुवांनी तो वरून तोंडात धार धरून अर्धा रिकामा केला. मग बाकीचे बसले.

बाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता काही तरी चांगलं बोलेल.

"जीभ झडो म्हणली होती मी," ती हळू आवाजात म्हणाली. "तू म्हणला, हो ना."

"हो."

"रागावली हावो मी. लई दिस रागावून राहीन." तिनं माझ्या हातातली कढई घेतली, चुलीवर ठेवली आणि बरबटीच्या वाटणाचं गंज माझ्यापुढं सरकवलं. "आता तळ. कांदा नोको घालू, बुवा खात नाई. आन् पंगत उठेपर्यंत इथून हलला तं पाह्यजो."

मी तळत बसलो. बाहेरून बुवांचा आवाज येत होता, वडा अजून काऊन आला नाई म्हणून.